हलकं स्टेअरिंग

माझ्या बापाला एखाद्या गोष्टीला नाही म्हणून बघा, की ती होणारच म्हणून समजा. डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "काका, गाडी आता विसरा." झालं. त्या दिवसापासून आमच्या घराची शांतता गेली ती गेलीच.

बाबांना सगळे धर्मा डायवर म्हणतात. मुरूडच्या रस्त्याला काशीदच्या अलीकडे आमचं गाव, आणि मला गावातच दिल्यामुळे माहेर दोन आळ्या सोडून. म्हणजे बाबांचा सगळा ताप माझ्याच डोक्याला. सारा जन्म त्यांनी खताचे ट्रक चालवले. गेल्याच्या गेल्या वर्षी ताडपत्रीची दोरी आवळताना ती तुटली आणि ते मालावरून थेट खाली आले, उजव्या खांद्यावर. पट्टी टाकली, स्क्रू टाकले, व्यायाम सांगितले. ते व्यायाम आईनेच जास्त केले, कारण त्यांना करून दाखवायला तीच उभी राहायची. हात छातीच्या वर काही गेला नाही, आणि त्यात जोर तर अजिबात आला नाही.

ट्रकचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. पण दारात फियाट उभी होती. पांढरी, जुनी, पुढे बाकासारखी सलग सीट असलेली. आईचं माहेर दिघीच्या पलीकडे. फियाट घेतल्यापासून दर शिमग्याला बाबा आईला त्या गाडीतून माहेरी न्यायचे. आगरदांड्याला गाडी जंगल जेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवायची, खाडी ओलांडायची, पलीकडे दिघीला उतरायचं आणि गावात हॉर्न वाजवत शिरायचं. आईचा भाऊ काळूराममामा वाटेत येऊन उभा राहायचा.

खांदा मोडला त्या वर्षी आम्ही माझ्या नवऱ्याच्या, परेशच्या, गाडीतून गेलो. बाबा डाव्या बाजूला बसले. आमच्या घरापासून जेटीपर्यंत त्यांचा पाय ब्रेक शोधत होता. मामा दारात आला आणि हसून म्हणाला, "काय भावजी, यंदा पाव्हन्यासारखे आलात!" मामाच्या मनात काही नव्हतं हो. बाबाही हसले. पण रात्री जेवले नाहीत, आणि घरी आल्यावर फियाटवरचं कापड काढून तिच्यात बसून राहिले.

"पुढच्या शिमग्याला मीच नेनार," ते आईला म्हणाले. "माझ्या गाडीतून. मी चालवत."

एवढंच त्यांना हवं होतं. सांगायला एवढंच, पण ते पुरं करताना आमच्या नाकी नऊ आले.

फियाटचं स्टेअरिंग म्हणजे जात्याचा दगड. गाडी उभी असताना फिरवायचं तर दोन्ही हात आणि पोटातला जोर लागतो. बाबांकडे एकच हात. मग कुठूनतरी त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुणी गोरा माणूस आपल्या घरच्या गॅरेजात जुन्या गाडीला विजेचं पॉवर स्टेअरिंग बसवतोय. त्याच्या गॅरेजची फरशी आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. तो इंग्रजीत काय बोलतो ते बाबांना कळत नव्हतं. आवाज बंद करून ते नुसते त्याचे हात बघायचे. किती वेळा बघितलं असेल देव जाणे. शेवटी आईने मोबाइल ओढून घेतला.

पुढच्याच आठवड्यात बाबा पनवेलकडच्या भंगारवाल्याकडे गेले आणि गोणीत काहीतरी घालून एसटीने घेऊन आले. अंगणात ओतलं. कुठल्यातरी मोडक्या छोट्या गाडीच्या स्टेअरिंगची दांडी, तिला चिकटलेली एक मोटार आणि वायरींचं जंजाळ लागलेला एक डबा.

आई म्हणाली, "हा कुनाचा पान्याचा पंप आनलात?"

"पंप न्हाय. आपून स्टेअरिंग फिरवायला लागलो की ही मोटार जोर लावते. एका बोटाने फिरतंय."

आता मला सांगा, मी काही मेकॅनिक नाही. पतपेढीत बसते मी. पण डोळे आहेत ना मला! फियाटचा गिअर खाली नसतो, स्टेअरिंगच्या दांडीलाच डाव्या बाजूला दांडा असतो. मी म्हटलं, "बाबा, डावा हात गिअरवर गेला की स्टेअरिंग कोण धरणार?"

"मोटार."

"मोटार धरत नाही बाबा, मोटार नुसती ढकलते. धरायला हात लागतो."

"तुला काय समजतं त्यातलं?"

संपला विषय. आमच्या घरी विषय असेच संपतात.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की छळ, ते तुम्हीच ठरवा. गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवली. सीट काढून ओटीवर ठेवली. आईची वाल वाळवायची जागा गेली. जुनी दांडी कापली, नवी जोडायला रेवदंड्याला वेल्डिंगवाल्याकडे नेली, आणली, बसवली, तर ती लांब. स्टेअरिंग छातीला टेकायला लागलं. परत काढली, कापली, तर आखूड झाली. बाबा स्वतःवरच चिडायचे आणि ओरडायचे आईवर. ती बिचारी पान्याचं एक टोक धरून उभी, कारण एका हाताने नट आवळता येतो, पण पलीकडचा बोल्ट धरायला दुसरा माणूस लागतोच. एकदा तर वालाच्या बिरड्यात बोल्ट निघाला. परेशच्या दाताखाली आला! जावई म्हणून तो गप्प बसला, मी असते तर ताटच भिरकावलं असतं.

दांडी जमली तर मोटार बरोबर गिअरच्या वाटेत. पहिला पडायचा, दुसरा टाकायला गेलं की दांडा मोटारीवर टण्णकन आपटायचा. मोटार फिरवून खाली घेतली तर बाबांच्या गुडघ्याला लागायला लागली. पट्ट्या वाकव, भोकं पाड, परत वाकव. संध्याकाळी मी पतपेढीतून यायची तर बाबा गाडीत डोकं खाली, पाय वर, आणि तोंडाने त्या गोऱ्याला शिव्या. "त्या मुडद्याच्या गाडीत गिअर खाली हाय! त्याला काय जातंय दाखवायला!"

मी म्हणायची, "हेच मी पहिल्या दिवशी सांगत होते."

"तू जा घरी," ते म्हणायचे.

वायरिंगला मुरूडचा निकेश आला. गाड्यांची वायरिंग करतो, मुंबईला राहून आलाय, त्यामुळे बोलणं सगळं तिकडचं. त्याने डबा जोडला, बॅटरीला वायर दिली आणि म्हणाला, "काका, चावी मारो." बाबांनी चावी फिरवली आणि स्टेअरिंगला नुसता हात लावला. ते आपलं आपणच सुटलं! गरागरा फिरत एका टोकाला जाऊन धाडकन थांबलं. बाबांचा अंगठा आत सापडला, निकेश मागच्या मागे चिऱ्यावर बसला, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आवो, भूत बसवलंत काय गाडीत!"

दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. त्या सुलट केल्या. मग स्टेअरिंग खरंच हलकं झालं. बाबांचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे, झालं एकदाचं. तेवढ्यात अर्ध्या वळणावर मोटार बंद. स्टेअरिंग परत दगड.

त्यानंतर ती मोटार लागायची तेव्हा लागायची, नाही तेव्हा नाही. उभ्या गाडीत लागली तर वळवताना जायची, आणि तेही नेमकं जोर लागेल तिथेच. बाबांनी नवी बॅटरी आणली. काही फरक नाही. जाड वायर आणली. तीच गत. निकेशने गाडीखाली टॉर्च मारून तपासलं आणि कपाळाला हात लावला. "काका, अर्थिंगच मिळत नाहीये. वायर पत्र्याला टेकलीच पाहिजे. तुमच्या गाडीला पत्रा दिसतोय कुठे?"

आणि खरंच दिसत नव्हता. कारण आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून त्यांच्या बुडाला डांबर फासतात, आणि उरलेलं डांबर बाबा दरवर्षी आणून फियाटला खालून फासतात. आमच्या किनाऱ्यावर खारा वारा असा, की सायकलची चेन एका पावसात गळून पडते. गाड्या खालून कुजतात. बाबांची कुजली नाही, याचा त्यांना केवढा गर्व! थरावर थर, वर्षानुवर्षं. इंजिनाच्या बाजूलाही, दाराच्या आतही. निकेश जिथे वायर कसत होता तिथे पत्रा नव्हताच, नुसतं डांबर होतं.

"खरवडा," निकेश म्हणाला. "हातभर जागा. काम खतम."

"डांबराला हात लावायचा न्हाय," बाबा म्हणाले. "एकदा भोक पडलं की वारा आत शिरतो. सगळी गाडी खाऊन टाकील."

"मग मोटार नाही चालणार, काका."

"दुसऱ्या जागी कस."

निकेशने दुसऱ्या जागी कसली. तिथेही डांबर. तिसऱ्या जागी, तिथेही. चौथ्यांदा बोलावलं तेव्हा निकेश आलाच नाही, फोनही उचलेना. मी त्याला दोष देत नाही. शिमगा तोंडावर आला होता. बाबा रोज सकाळी गाडीत बसून स्टेअरिंग फिरवायचे, मोटार दोनदा घूं करायची आणि मरायची, आणि ते तसेच बसून राहायचे. आई मला म्हणाली, "हेमाली, काय तरी कर गं. मानूस जेवत न्हाय." आणि मी काय करणार होते? समजूत घालून झाली, भांडून झालं, रडूनसुद्धा झालं. ज्या माणसाला स्वतःची गाडी चालायलाही हवी आणि तिच्या डांबराला ओरखडाही नको, त्याला सांगायचं काय!

रविवारी बाबा सलूनमध्ये गेले होते. मी आईच्या स्वयंपाकघरातला कोयता उचलला आणि गाडीखाली शिरले. माझं डोकं एवढं फिरलं होतं की साडी बदलायचंही भान नव्हतं. खरवडत सुटले. काळे पापुद्रे तोंडावर, केसात, ब्लाउजमध्ये. एका थराखाली दुसरा, त्याखाली तिसरा. बाबा आले आणि नुसते बघत उभे राहिले. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. पडला नाही. ते उकिडवे बसले आणि आत वाकून बघितलं. मी खरवडलेल्या जागी पत्रा चकचकीत होता, अगदी नवा.

"बघ," ते म्हणाले. "बघ कसा ठेवलाय."

त्या माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा! पत्रा खरंच त्या डांबरामुळेच तसा राहिला होता. मी वायर कसली. त्यांनी चावी मारली. स्टेअरिंग एका बोटाने इकडून तिकडे गेलं, तिकडून इकडे आलं, आणि मोटार बंद पडली नाही. बाबांनी आईला हाक मारली, शेजाऱ्यांना मारली, रस्त्याने जाणाऱ्या पाववाल्यालाही थांबवून बोट लावायला लावलं.

शाळेच्या मैदानात फेरी मारून बघितली. पहिल्या गिअरमध्ये झकास. दुसरा टाकायला डावा हात गेला, आणि गाडी सरळ कुंपणाकडे निघाली. उजवा हात स्टेअरिंगवर होता, पण नुसता ठेवलेला. बाबांनी ब्रेक मारला.

"सवय व्हायला पायजे," ते म्हणाले.

 घरी जाऊन परेशला सांगितलं, शिमग्याला तू मागून ये, मी बाबांच्या गाडीत बसते.

आई मागे बसली, नवी साडी, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. मी पुढे बाबांशेजारी. मुरूडपर्यंत बाबांनी गिअर होता होईतो बदललाच नाही, तिसऱ्यात गाडी रडवत नेली. पण वळणं येतात, म्हशी येतात, सणाची गर्दी येते. पहिल्यांदा त्यांचा डावा हात गिअरवर गेला तेव्हा मी हात लांब करून स्टेअरिंग खालच्या बाजूने धरलं. गिअर पडला, मी हात काढला. पुढच्या वळणावर परत तेच.  आगरदांड्यापर्यंत आम्ही दोघांनी मिळून ती गाडी अशी आणली, आणि दोघांनीही तसं काही होत नसल्यासारखं केलं.

जेटीवर ही गर्दी! त्या बोटीवर गाडी उलटी चढवावी लागते, रिव्हर्समध्ये, उतारावरून लोखंडी फळीवर. बाबांनी हे काम पूर्वी डोळे मिटून केलंय. खलाशी ओरडायला लागला, "डावीकडे मारा! आता उजवीकडे! पुढे घ्या, परत या!" म्हणजे रिव्हर्स, मग पहिला, मग परत रिव्हर्स. दर वेळी डावा हात गिअरवर, आणि दर वेळी स्टेअरिंग त्या उजव्या हातातून सरकायचं. पूर्वी ते जड होतं, ठेवलं तिथे राहायचं तरी. आता एवढं हलकं की हाताची पकड सुटली की चाक भलतीकडे. मीही धरायला गेले, पण मागे बघू की धरू? मागचं चाक फळीच्या कडेला गेलं. खाली पाणी. खलाशाने डिकीवर दाणदाण हात आपटला. "ओ काका! उतरा खाली! दुसऱ्याला द्या!" मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"बाबा, सरका," मी म्हटलं.

"थांब."

"सरका ना बाबा! आई मागे बसलीये!"

"थांब म्हनतो ना! जमतंय."

"जमत नाहीये!" मी ओरडले. सगळ्या जेटीने ऐकलं असेल. "स्टेअरिंग हलकं झालं बाबा, हात नाही झाला!"

बोलून गेले. मागे आईने श्वास ओढलेला मला ऐकू आला. बाबांनी ब्रेकवर पाय तसाच ठेवून हँडब्रेक ओढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडून ये."

मी उतरून वळसा घालून गेले. दार उघडलं तर ते सीटवरून डावीकडे सरकलेले. मी बसले. परेशची गाडी मी चालवते, पण ही त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतली. लग्नाआधीपासून मागत होते मी चावी, तेव्हा म्हणायचे, जड हाय, तुला झेपनार न्हाय. आता काही जड नव्हतं. एकदा पुढे घेतली, वळवली, आणि एका दमात मागे नेऊन दोन गाड्यांच्या मध्ये नीट लावली. खलाशाने अंगठा वर केला. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

बोट सुटली. बाबा उतरून कठड्याला जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मुंबईकडचा कुणी माणूस बायको-मुलांना घेऊन फियाटभोवती फिरत होता. बॉनेटवरून हात फिरवून म्हणाला, "वा! काय ठेवलीये! काका, तुमची का?"

"पोरीची हाय," बाबा म्हणाले.

 इतकी वर्षं ती चावी मागत होते मी, आणि आता एकच वाटत होतं, म्हणा ना बाबा, माझी हाय म्हणून. डांबर काय, मोटार काय, सगळी भांडणं परत करायला तयार होते मी. दार उघडून खाली उतरले आणि त्या माणसाला म्हटलं, "नाही हो, त्यांचीच आहे. अजून तेच चालवतात."

बाबांनी मान हलवली.

"न्हाय," ते त्याला म्हणाले. "मी आता नुसता बसतो."